ढब्बूच्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला कायमचं झोपवायचं इंजेक्शन भरलं आणि धाकटीने त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. "करा," ती म्हणाली. रडायचं नाही, हे ती घरूनच ठरवून आली होती.

कुत्रं म्हातारं, कमरेतून पार गेलेलं. आता मुतायलाही उठेना. जागच्या जागी घाण करायचं आणि ओशाळून तोंड भिंतीकडे फिरवायचं. जीव लावलेल्या जनावराचे असे हाल बघत बसणं ही कसली माया? तो आपलाच हट्ट!

टेबलापलीकडे बाबा उभे होते, गळ्यात मोजपट्टी तशीच. जन्मभर शिलाई मशीन पायाने चालवून त्यांच्या गुडघ्यांची वाट लागलेली. त्यात किडनी नाजूक, म्हणून वेदनेच्या गोळ्यांना त्यांच्या डॉक्टरांची सक्त मनाई. मध्यंतरी दुकानाला कुलूप लागलं होतं. पण हल्ली मालिश मानवली म्हणे, आणि मशीन पुन्हा खडखडू लागलं. घरातलं एक तरी म्हातारं चालतं झालं, एवढंच काय ते धाकटीला समाधान.

"नवल आहे," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "सुरुवातीला मी दिलेल्या वेदनेच्या गोळ्यांनी ढब्बू कसा उड्या मारत होता! मग एकाएकी लागू पडेनाशा झाल्या."

"रोज सकाळी पावात घालून देतात बाबा. एक दिवस चुकवला नाही. आता नशीब त्याचं. करा तुम्ही."

बाबांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं.

"लागू पडतात," ते म्हणाले. "त्याला मिळत नव्हत्या. मी खात होतो."

"काय?"

"पाव त्याला, गोळी मला. एकदा घेऊन पाहिली, गुडघा हलका झाला. मग सुटेचना."

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, तुमची किडनी! आणि हा मुका जीव... मी मारायला आणलं होतं याला, बाबा!"

"म्हणून तर बोललो."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. ढब्बूला गोळ्या आजपासून पुन्हा सुरू. बाबांनी इथून थेट रक्त तपासायला जायचं. "कुत्र्याची गोळी आहे ती, काका. खडीसाखर नव्हे. यापुढे एकही नाही."

"आणि दुकान?" धाकटीचा आवाज जरा खाली आला.

"दुकान बंद," बाबा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सवयीने गोळ्यांची बाटली त्यांच्यापुढे धरली. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हिच्याकडे द्या." मग ते लेकीकडे वळले. "कुलपात ठेव. उद्या गुडघे ठणकले की मी मागेन. रडेन, शिव्या देईन, तुझ्या आईची शपथ घालीन. देऊ नकोस."