गोठ्यातला जुना कॅमेरा

“पप्पा, दुपारी तुम्ही दोघं गोठ्यात बसून काय करत होता?” क्लासमध्ये मोबाईलवर आई-पप्पा गोठ्यात बसलेले दिसले; ते काय करतायत यावर मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी हसतच विचारलं.

“आमी तर सुप्याला गेल्तो. आत्ता आलो की!”

गोठ्यातला जुना कॅमेरा फक्त वायरवर चालायचा. काल मीच, हो मीच, तिथे घरचं वायफाय गोठ्यापर्यंत पोचवणारा मेश वायफायचा डबा बसवून त्याला कॅमेऱ्याची वायर जोडली, आणि चित्र मोबाईलवर आणलं!

मी मोबाईल उघडला. आई-पप्पा अजून गव्हाणीजवळच होते. आमचा कुत्रा शेरू त्यांना चिकटून बसला होता. सुप्याहून आलेल्या दोघांना बघून तो घरातून पळाला होता.

“चहा घे गं,” मागून आई म्हणाली.

मोबाईलमधल्या आईने ओठांवर बोट ठेवलं आणि मला हाताने बोलावलं.

मी चपला घातल्या.

“आई, पप्पा, आज मी गोठ्यातच झोपणार.”