फोन म्हणतो, कुंपण

पराग्वेची राजधानी आसुन्सिओन इथल्या विल्फ्रिदोने आपल्या जुन्या फोनवर हौशी मंडळींनी बनवलेली फुकटची नवी सिस्टिम चढवली. फोन झकास सुरू झाला, पण भाषा निवडताना बोट घसरलं आणि सगळं तिथल्या मूळनिवासींच्या ग्वारानी भाषेत उमटलं. विल्फ्रिदो शहरात वाढलेला. ग्वारानीतल्या शिव्या तेवढ्या त्याला येत, वाचता काही येत नसे. नाइलाजाने तो गावी सासूकडे गेला. सासूबाई दोन्या सेफेरिना शाळेत ग्वारानी शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

त्यांनी चष्मा चढवून फोन निरखला. "जावईबापू, यात लिहिलंय, काम चालू आहे, तासभर हात लावू नका. तोवर मागचं कुंपण सरळ करून घ्या."

विल्फ्रिदोने मुकाट्याने कुंपण ठोकलं. घाम पुसत परत आला, तर फोनची पुढची सूचना तयारच होती: आता रंग द्या.

"पण आई, तुमचं कुंपण मोडलंय हे फोनला कसं कळलं?"

दोन्या सेफेरिनांनी तेरेरे या तिथल्या गार चहाचा घोट घेतला.

"नवी सिस्टिम चढवलीत ना! जुनी होती तोवर मी सांगून सांगून थकले, तुम्हाला तरी कुठे कळत होतं?"