सगळे मेल, जसेच्या तसे
माझ्या लग्नाआधीच सासऱ्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता. त्यातल्या मेलचा बॅकअप आज मी त्यांच्या नव्या लॅपटॉपवर रिस्टोअर करत होते आणि ते माझ्या मानगुटीवर बसले होते. “एकही मेल गाळायचा नाही. सगळे जसेच्या तसे हवेत. तुझ्या माहेरी गबाळेपणा चालत असेल, इथे नाही.” दातओठ खात मी बटण दाबलं. हजारो मेल भराभर आले. तेवढ्यात कोपऱ्यात हिरवी पट्टी सरकू लागली. आउटबॉक्समधला एक मेल आपोआप निघाला होता. आमच्या लग्नाआधी नेट नसल्यामुळे अडकून राहिलेला, सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला लिहिलेला. विषय होता: ‘ही मुलगी आपल्या घरात नको.’ “थांबव ते!” सासरे किंचाळले. ‘रद्द करा’ समोरच होतं. मी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. “जसेच्या तसे हवे होते ना, बाबा?” आतल्या खोलीत नवऱ्याचा फोन किणकिणला.