फोटोतली बाई

"फोटो कोणी काढलान त्याचं नाव कळू दे एकदा," सोनूबाई म्हणाली आणि हातातल्या कोयतीने तिने सुरणाचा तुकडा पाडला. "मग बघते मी त्याच्याकडे."

समीक्षाने खांद्यावरची पिशवी पोटाशी ओढली. तो फोटो पिशवीतच होता. मोठा करून, फ्रेम लावून तिने पुण्याहून आणला होता. जूनच्या अखेरीस फिरत फिरत ती पालीला आली होती, तेव्हा आठवडा बाजारात सोनूबाईच्या शेजारी एक बाई वाळवलेल्या कैरीची आंबोशी विकत बसली होती. फोटो तिच्या हातात ठेवायचा, एवढ्यासाठीच समीक्षा आज वाट वाकडी करून आली होती. "इथे एक बाई बसायच्या ना?" तिने सहज विचारलं होतं.

सोनूबाईने सगळंच सांगितलं. ज्ञानेश्वरी नाव तिचं. नवरा दाभोळकडचा. मारायचा. चार महिन्यांची पोर उराशी धरून ती निघाली ती इथे मावशीकडे आली. सात वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. वाडीतल्या माणसांनीही तोंड उघडलं नाही. मग कोणा फिरायला आलेल्याने तिचा फोटो काढला, खाली गावाचं नाव आणि बाजाराचा वार टाकला, आणि या मोबाईलवरून त्या मोबाईलवर करत तो दाभोळला पोचला.

"दोन आठवडे नाय झाले, नवरा गाडी घेऊन हजर. पोर शाळेतून येत होती. वाटेतनंच उचलून नेलीन. सानवी नाव तिचं. आता कोर्टात तारखा पडतायत. महिन्यातनं एकदा भेटवतात, तेवढंच." सोनूबाईने वर बघितलं. "तुम्हाला कशी ठाऊक ती?"

"मैत्रीण आली होती माझी," समीक्षा म्हणाली. "आंबोशी चांगली असते म्हणाली."

"मग जावा की. तिकडे नाक्यावर बसते हल्ली, अगदी रस्त्याला लागून. आता लपायचं कोणापासून?"

समीक्षाने वळून पाहिलं. नाक्यावर कुळथाच्या पाटीमागे एक बाई बसली होती. सकाळपासून समीक्षा तिच्यासमोरून दोनदा गेली होती. तिने ओळखलं नव्हतं.

ती गेली नाही. गाडीत बसली, काचा वर केल्या आणि रत्नागिरीच्या रस्त्याला लागली.

त्या फोटोने समीक्षाला नाव मिळवून दिलं होतं. हजारो लोकांनी तो पाहिला होता, एका प्रदर्शनात तो भिंतभर लावला होता. तिथे कोणीतरी विचारलं होतं, तुम्ही परवानगी घेता का? "विचारलं की माणूस खोटा होतो," समीक्षाने ऐटीत उत्तर दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता गाडी चालवताना त्या टाळ्यांनी तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. फोटो तर तिने काढलाच होता. पण गावाचं नाव? ते न टाकता काय बिघडलं असतं? आणि आत्ता सोनूबाईसमोर ती खोटं बोलली होती, तेही किती सहज.

हातखंब्याला तिने गाडी बाजूला घेतली. कोणालाही काही कळणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती समुद्रावर पोचली असती. तिने पाच मिनिटं स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं आणि मग गाडी वळवली.

पालीत बाजार उठायला आला होता. ज्ञानेश्वरी उरलेले कुळीथ पिशवीत भरत होती. समीक्षा तिच्यासमोर उकिडवी बसली. फ्रेम तिने गाडीतच ठेवली होती. ती आणायची तिला लाज वाटली.

"ताई, तो फोटो मी काढला होता. गावाचं नावही मीच टाकलं."

ज्ञानेश्वरीचे हात थांबले नाहीत. तिने मापटं उलटं करून झटकलं, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली.

"सकाळी समोरून गेलात तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला," ती म्हणाली.

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला माहीत नव्हतं, पण म्हणून... तुम्ही म्हणाल तिथे मी येते. कोर्टात येते. मला काय बोलायचं ते बोला."

"काय बोलू?"

एक एसटी नाक्यावर थांबली, माणसं उतरली, एसटी निघून गेली. ज्ञानेश्वरीने आजूबाजूला पाहिलं. सोनूबाई लांब आपलं सुरण गोळा करत होती. मग ज्ञानेश्वरी पुढे वाकली, आणि तिचा आवाज इतका खाली गेला की समीक्षालाही वाकावं लागलं.

"तुम्ही मोबाईल वर केलात तेव्हाच दिसलं होतं मला. पदर ओढायला कितीसा वेळ लागतो? सात वर्षं कोणी मोबाईल काढला की पहिला पदर ओढायचे मी. त्या दिवशी तुम्ही किती चांगल्या नजरेने बघत होतात. वाटलं, बघू दे. एक तरी फोटो असू दे आपला." तिने डोळे पुसले नाहीत. "हे कोणाला ठाऊक नाही. वाडीतले सगळे तुम्हाला शिव्या घालतात, आणि मी गप्प बसून ऐकते."