गुरुवारवाला

"थांब, थांब! किती बोलशील?" मिस ओझेलांनी वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांवर हात आडवा धरला, तसा व्हायब्राफोनचा सूर जागीच मेला.

लेम्युएलने वाजवायच्या काठ्या खाली घेतल्या.

"चाल सगळ्या डेट्रॉइटला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर तुझं काय म्हणणं आहे ते सांग. आणि सांगून झालं की गप्प बस. गुरुवारी एकजण येतो, त्याला हे कळतं. हेच गाणं वाजवताना मधे त्यानं अशी जागा सोडली, की मी श्वास धरून बसले."

पुन्हा गुरुवारवाला!

लेम्युएल मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायचा. दर सोमवारी पाळी संपली की हात घासून धुवायचा आणि इथे यायचा. मिस ओझेलांनी तरुणपणी हेस्टिंग्ज स्ट्रीटचे क्लब गाजवले होते. त्यांच्याकडून जॅझ शिकायला मिळतंय यातच त्याला धन्य वाटायला हवं होतं. पण सोमवार सुरू झाला की गुरुवार मधे यायचाच. गुरुवारवाला पेडल किती हलकं दाबतो. गुरुवारवाला चुकीचा सूर लागला तर त्यालाच पुढच्या वाक्याची सुरुवात करतो.

"मग त्यालाच जेवायला घालावं ना तिनं," असं लेम्युएल घरी बायकोला म्हणायचा.

"तू त्या बाईकडे वाजवणं शिकायला जातोस की सवत बघायला?" कोरीन हसायची.

त्याला हसू यायचं नाही.

एका गुरुवारी तो कारखान्यातून लवकर सुटला आणि मिस ओझेलांच्या घराखालच्या मासेवाल्याच्या दुकानासमोर उभा राहिला. नवा हमरस्ता काढायला पलीकडची घरं पाडणं चाललं होतं. यंत्रांच्या धडधडीत आतलं काहीच ऐकू येईना. शेवटी वरचं दार उघडलं. राखाडी हॅट घातलेला, उंच, देखणा माणूस बाहेर आला. कडक इस्त्रीचा कोट. काखेत काठ्यांची पिशवी. जिना उतरताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. लेम्युएलला वाटलं, आतलं कौतुक आठवत असणार. त्या रात्री कोरीनने वाढलेलं त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

पुढच्याच महिन्यात तो फोन आला. सोमवारचा धडा ऐन रंगात होता. मिस ओझेला अचानक म्हणाल्या, "मक्याचा पाव भट्टीत आहे, बघून येते." त्या आत गेल्या आणि थोड्या वेळात फोन खणखणला.

"घे रे तो," त्या आतून ओरडल्या.

वेस्ट साइडच्या मोठ्या क्लबाचा मालक बोलत होता. "ओझेलाला सांग, तिच्या त्या शिष्याला शनिवारी दुपारी पाठवून दे. व्हायब्राफोनची जागा रिकामी आहे. फार वाखाणलाय तिनं त्याला. ऐकतो एकदा."

लेम्युएलच्या डोळ्यांसमोर राखाडी हॅट उभी राहिली. दिव्यांच्या झोतात, क्लबाच्या मंचावर.

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मिस ओझेला दारात आल्या. "कोण होतं?"

"राँग नंबर."

त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "असं होय," म्हणाल्या. मग पावाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवून खिडकीशी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी त्याला एकदाही अडवलं नाही.

क्लबातली जागा शिकागोच्या कुणालातरी मिळाली. लेम्युएलला आठवडाभर झोप नीट लागली नाही. पण एक चमत्कार झाला. त्यानंतर मिस ओझेलांनी गुरुवारवाल्याचं नाव कधी काढलं नाही. उतरला बेटा मनातून, लेम्युएल म्हणाला, आणि पुन्हा चवीनं जेवू लागला.

वसंतात हमरस्ता मिस ओझेलांच्या घरापर्यंत आला. घर पाडायचं ठरलं. त्या बहिणीकडे क्लीव्हलँडला निघाल्या. सामान हलवायला शिष्य जमले. व्हायब्राफोनची चौकट उचलायला लेम्युएल एका बाजूला वाकला, तर दुसऱ्या बाजूला राखाडी हॅट.

"तू सोमवारवाला ना?" हॅटवाला म्हणाला. "मी पर्सिव्हल डेड. दोन वर्षं बाईनं माझं डोकं खाल्लंय तुझ्या नावानं."

"माझ्या?"

"सोमवारवाला असा थांबतो, सोमवारवाला तसा छेडतो. घरी जाताना जिन्यावरच तुला शिव्या घालायचो. तुझे हात मोडावेत असं वाटायचं."

 लेम्युएलला हसू फुटलं. "अरे, आणि मला ती तुझं नाव घेऊन कुटायची!"

"माझं?" डेडने तोंडाचा आ केला. "मला तर साधा ब्लूज धड येत नाही!"

दोघं इतके हसले की चौकट पायरीवर टेकवावी लागली. खाली ट्रकपाशी मिस ओझेला शेजारणीचा निरोप घेत होत्या. लेम्युएलला वाटलं, आत्ता खाली धावावं आणि म्हातारीला मिठी मारावी.

"पण मला ती नुसती डिवचत नव्हती," डेड डोळे पुसत म्हणाला. "त्या क्लबवाल्याशी बोलली ना, तेव्हा मी समोरच उभा होतो. माझ्यादेखत म्हणाली, 'हा गुरुवारचा कच्चा आहे, सोमवारचा घे. सोमवारीच फोन कर.' मग मला म्हणाली, 'मी स्वयंपाकघरात जाऊन बसेन, फोन त्यालाच उचलू दे. आनंदाची बातमी पहिल्यांदा त्याच्या कानावर पडू दे.' काय रे, मग तू नकार का दिलास?"