तीन पेडांचा सांधा

किक मारून मारून समाधानचा पाय लटपटत होता. गॅरेजच्या दारात स्टुलावर बसलेल्या गिरधर मिस्त्रीला ते बघायला बरं वाटत होतं. आपल्या गावापासून, जसोंडीपासून, जुनी गाडी ढकलत आणलेला जावई भर उन्हात घामानं निथळतोय, हे सुख त्याला अजून थोडं हवं होतं.

थंडीत बायकोनं, गोदाबाईनं, अंथरूण धरलं, तेव्हा गिरधरनं याच जावयाला फोन केला होता. लेकीला घेऊन या, तिची आई तिचंच नाव घेतेय. "गाडीच चालू होत नाही, मामा," समाधान म्हणाला होता. वैजयंतीला एकटीला बसमध्ये बसवायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ती पोचली तेव्हा नदीकाठच्या राजघाटावर आईची चिता निम्मी जळून गेली होती.

"सरका," म्हणत गिरधर उठला. हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. म्हणजे बॅटरी भरलेली, चार्जिंग ठीक. प्लग काढून इंजिनला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही.

"कधीपासून असं?"

"आखाजीपासून. परेशान करून टाकलं, मामा! मी एकटा निघालो की बंद. वैजयंती मागं बसली की पहिल्या किकला चालू. पोरं हसतात राव मला."

आखाजी. लेकींनी माहेरी यायचा सण. तेव्हाही यानं तिला आणलं नव्हतं.

"त्याच्याआधी कधी बंद पडली होती?"

"एक दिवस नाही! कसम से. अशी वफादार गाडी अख्ख्या गावात नाही." समाधान अभिमानानं बोलला आणि तोंड धुवायला हातपंपाकडे वळला. आपण काय बोलून गेलो, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गिरधरच्या हातातला पाना थांबला. एक दिवस नाही. म्हणजे थंडीतही नाही.

त्यानं शांतपणे टाकी उचलली. चावी बंद केली की जी वायर बॉडीला जोडली जाऊन इंजिन मरतं, ती त्याला हवी होती. तिचं साल जरा खरवडलं की झालं. कधीतरी असीरगडच्या जंगलात, ऐन चढावर गाडी मान टाकेल. मग मारत बस किक.

पण त्या वायरला कुणीतरी आधीच हात लावला होता. तिला एक बारीक वायर जोडून सीटखाली नेली होती. टोक लोखंडाला अडकवलं की गाडी मेली, काढलं की जिवंत. आणि सांधा तीन पेडांचा, वेणीसारखा गुंफलेला. बुऱ्हाणपुरातला दुसरा कुठलाच मिस्त्री असा सांधा घालत नाही. फ्रॉकमधली वैजयंती इथंच त्याच्याजवळ बसून तो शिकली होती. ओढून बघ बेटा, सुटला तर पुन्हा घाल, असं तो सांगायचा.

गिरधरनं सांधा ओढून बघितला. सुटला नाही.

त्यानं टोक लोखंडावरून काढलं, वायर सीटखाली आणखी खोल दडवली, टाकी बसवली. डोळे पुसले.

समाधान ओल्या तोंडानं परत आला. गाडी पहिल्याच किकला बोलली. "वा मामा! गेला ना बिघाड?"

"आता तो जन्मभर जायचा नाही, जावईबापू," गिरधर म्हणाला. "कुठंही निघालात तरी वैजयंतीला मागं बसवूनच निघायचं."