छपरावरचे चौघे

"मग ते चौघे खाली उतरले का?" अंगोलिलेने पुन्हा विचारले.

पाळक म्वांबेने यांनी ओळीवर बोट ठेवून मान वर केली. बाप्तिस्म्याच्या वर्गात त्या दिवशी पक्षघाती माणसाचा धडा होता. घरात गर्दी, दारातून आत शिरायला वाट नाही. म्हणून चौघांनी छप्पर उसकटले आणि त्याला खाटेसकट येशूच्या पुढ्यात सोडले. तो बरा झाला, खाट उचलून चालू लागला. त्या चौघांचे पुढे काय झाले, ते शास्त्रात नव्हते.

"उतरले असतील की," पाळक म्हणाले.

"आणि छप्पर परत कोणी शाकारलं?"

सगळा वर्ग हसला. अंगोलिले जन्मभर लोकांची घरे शाकारत आला होता. वर्ग चर्चमध्येच भरे, आणि धडा चालू असतानाही त्याचे डोळे वरच्या जुन्या गवताकडे जात. बाप्तिस्म्याच्या कुंडावर ते पार कुजले होते. मागे बसलेल्या त्याच्या दोन्ही बायकाही हसल्या. थोरली सुबिलागा तोंडावर हात ठेवून, धाकटी अतुपेले मोकळेपणी.

दिवस मात्र हसण्याचे नव्हते. दोन बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा मिळत नसे. एकीला ठेवायचे, दुसरीला पाठवायचे, असा नियम होता. बायांची तशी अडचण नाही, बाईला नवरा एकच असतो, असे पाळक पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि तेव्हाही वर्ग हसला होता. पावसाआधीच्या शेवटच्या रविवारी बाप्तिस्मे व्हायचे होते. तोवर अंगोलिलेने काय ते ठरवायचे होते.

त्याला बाप्तिस्मा हवा होता. किती हवा होता ते तो कोणाला सांगू शकला नसता. त्याला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. डोंगरावरचे तळे, तळ्यावर धुके, आणि धुक्यातून कोणीतरी त्याला 'पेत्र' म्हणून हाक मारते आहे. तो ओ द्यायला तोंड उघडे आणि जाग येई. मग दिवसभर काम करताना तो बाप्तिस्म्यात मिळणारे ते नाव पुटपुटत राही. गवताच्या पेंढीत बांधून ठेवल्यासारखे.

संध्याकाळी धुके केळींच्या बनात उतरले की तो दारात बसून वाची. अक्षरे त्याला काड्यांसारखी दिसत. एकेक ओढून तो ओळ बांधी. पान नेहमी त्या चौघांचेच असे.

"काय म्हणतं शास्त्र?" एकदा सुबिलागाने विचारले. दोघींपैकी कोणाला ठेवायचे, असे तिला विचारायचे होते.

"त्यांचा विश्वास पाहून त्याला बरं केलं, असं म्हणतं."

"त्यांचा म्हणजे कोणाचा?"

"छपरावरच्यांचा," अंगोलिले म्हणाला, आणि पुन्हा त्या ओळीवर वाकला.

घरामागे गवताची रास वाढत होती. चांगले, लांब, सोनेरी गवत. कोणी विचारले तर तो नुसता हसे. दोघींनी आपापसात अर्थ लावला: जी जाईल तिच्यासाठी तो तळ्याकाठी झोपडी घालणार.

"तुझ्यासाठीच गं," केळी सोलता सोलता सुबिलागा म्हणाली. "माझ्यासारख्या म्हातारीला इतकं चांगलं गवत कोण घालतंय?"

"छे, ताई, तुमच्यासाठीच आहे ते. तुमचं घोरणं वस्तीपासून लांब न्यायचंय त्यांना."

दोघी हसल्या. मग दोघी पुन्हा केळी सोलू लागल्या. अतुपेलेची दोन्ही बाळंतपणे सुबिलागाने केली होती. सुबिलागाला मूल नव्हते. अतुपेलेची मुले भूक लागली की अजूनही आधी सुबिलागाच्याच चुलीशी जात.

"मी गेले तर थोरल्याला गरम दूध देऊ नकोस," शेवटी सुबिलागा म्हणाली. "त्याला बाधतं."

"मी गेले तर तुम्ही देऊ नका," अतुपेले म्हणाली.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी अंगोलिले पाळकांकडे गेला. दोघे चर्चमागच्या झाडाखाली बसले. तो काय बोलला ते कोणी ऐकले नाही. पण निघताना पाळक त्याचा हात हातात धरून पार ओढ्यापर्यंत त्याला पोचवायला आले, आणि परतल्यावर कितीतरी वेळ पायरीवर नुसते बसून राहिले, असे शेजारणीने येऊन सांगितले. म्हणजे ठरले, असे तिने वर जोडले, आणि आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे पाहिले.

रविवारी उजाडताना अंगोलिले दारात उभा होता. त्याने दोघींना पांढरी वस्त्रे नेसायला सांगितले.

"दोघींनी?" सुबिलागाने विचारले.

"देवाच्या दारात जायचं तर दोघींनी. तुम्ही या सावकाश, मी पुढं होतो."

तो धुक्यात दिसेनासा झाल्यावर त्या मागच्या अंगणात गेल्या. गवताची रास तिथे नव्हती.

"झोपडी तयार झाली म्हणायची," अतुपेले म्हणाली.

सुबिलागाने आतून आपले गाठोडे आणले. तेव्हा तिला दिसले की अतुपेलेनेही बांधून ठेवले आहे. दोघी गाठोडी डोक्यावर घेऊन उतरणीला लागल्या.

चर्च भरले होते. पुढच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या; नवऱ्यासाठी जागा ठेवली होती, ती रिकामीच राहिली. दारातून धुके आत येत होते आणि गाणाऱ्यांचे आवाज लांबून, पाण्यावरून आल्यासारखे वाटत होते. अतुपेलेने सुबिलागाच्या वस्त्राचे टोक मुठीत घट्ट धरले होते.

"सुबिलागा," पाळकांनी नाव घेतले.

ती उठली. अतुपेलेने मूठ सोडली. जायचे ते आपणच असे समजून पायाशी ठेवलेले आपले गाठोडे तिने मांडीवर घेतले आणि दाराकडे पाहिले.

"अतुपेले," पाळक म्हणाले.

दोघी कुंडापाशी उभ्या राहिल्या. तिसरे नाव पाळकांनी घेतलेच नाही. त्यांनी ओंजळ पाण्यात घातली, तोच वरून गवताची एक सोनेरी काडी तरंगत येऊन पाण्यावर पडली. दोघींनी मान वर केली. कुंडाच्या बरोबर वर, कुजके गवत काढून, छप्पर उसकटलेले होते, आणि त्या भोकातून, हातातली पेंढी तशीच धरून, अंगोलिले खाली पाहत होता.